फिनॉल ओळखणारी एन्झाइमची फिल्म: वाचकांचे प्रश्न

एन्झाइमचा पातळ थर इलेक्ट्रोडवर किंवा कागदावर बसवून फिनॉलवर्गीय पदार्थ (चहा, फळांचा रस, सांडपाणी यांत आढळणारी कार्बनी संयुगं) मोजण्याविषयी गोव्यातून बरेच प्रश्न आले. त्यांत महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत, रसाचा धंदा करणारे आहेत आणि विहिरीच्या पाण्याची काळजी असलेले गृहस्थही आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर कायटोसन आणि टायरोसिनेझची फिल्म बसवली. पहिल्या दिवशी कॅटेकॉलला छान करंट मिळाला, तिसऱ्या दिवशी निम्मा. फिल्म दिसायला शाबूत आहे. नेमकं काय बिघडतं? (विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर: आधी या फिल्ममध्ये काय चालतं ते पाहू. टायरोसिनेझ हे एन्झाइम, कायटोसन हा त्याला धरून ठेवणारा पॉलिमर आणि कॅटेकॉल हा मोजायचा फिनॉल. टायरोसिनेझमध्ये तांब्याचे दोन अणू जोडीने असतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून ते साध्या फिनॉलला कॅटेकॉलसारख्या डायफिनॉलमध्ये बदलतं आणि डायफिनॉलचं क्विनोन करतं. इलेक्ट्रोड उणे ०.१५ व्होल्टवर (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत) धरला की हे क्विनोन तिथे इलेक्ट्रॉन घेऊन परत कॅटेकॉल होतं आणि पुन्हा एन्झाइमच्या हाती लागतं. एकच रेणू अनेकदा फिरतो, म्हणून इतक्या कमी प्रमाणातही करंट दिसतो. पण याच फेऱ्यांत क्विनोनचा काही भाग आपसांत जुळून तपकिरी पॉलिमर होतो आणि काही कायटोसनच्या अमाइन गटांना चिकटतो. तुमचं नुकसान बहुधा इथूनच सुरू होतं.

करंट घटण्याची कारणं चार असू शकतात: एन्झाइम धुऊन गेलं, एन्झाइम निकामी झालं, इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग माखला, किंवा कॅटेकॉलचं द्रावणच खराब झालं. चौथं कारण सगळ्यांत आधी तपासा, कारण ते सगळ्यांत सोपं आहे आणि बहुतेक जण तेच विसरतात. १० मिलिमोलर कॅटेकॉल (१०० मिलिलिटरमध्ये ०.११ ग्रॅम) रोज नवं करायचं, गडद रंगाच्या बाटलीत ठेवायचं, आणि रंग चढला की फेकायचं.

एन्झाइम गळतंय का हे कळायला फिल्म १ मिलिलिटर बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) तासभर बुडवून ठेवा. मग फिल्म बाहेर काढून त्या बफरमध्ये १ मिलिमोलर होईल इतकं कॅटेकॉल घाला. दहा-पंधरा मिनिटांत ४०० नॅनोमीटरच्या आसपास शोषण वाढलं तर एन्झाइम बाहेर आलं आहे. नुसत्या बफरात तेवढंच कॅटेकॉल घालून शेजारी ठेवा. हवेनेही थोडा रंग येतो, तो वजा करावा लागतो.

पृष्ठभाग माखला आहे का हे पाहायला ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १ मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड घेऊन सायक्लिक व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज पुढे-मागे फिरवून मिळणारा करंटचा आलेख) काढा. शिखरं पसरट झाली आणि एकमेकांपासून लांब गेली तर पृष्ठभागावर थर साचला आहे. ही तुलना त्याच फिल्मच्या पहिल्या दिवसाच्या आलेखाशी करा. कोऱ्या इलेक्ट्रोडशी केली तर फसाल, कारण धनभारित कायटोसन ऋणभारित फेरिसायनाइडला स्वतःकडे ओढतं आणि करंट उलट मोठा दिसू शकतो.

या दोन्हीत काही सापडलं नाही तर एन्झाइमच निकामी झालेलं असणार. कॅटेकॉलवर काम करता करता टायरोसिनेझ स्वतःला कायमचं मारून घेतं, आणि सांद्रता जास्त असली की हे लवकर होतं. म्हणून कॅलिब्रेशन (ज्ञात सांद्रतेच्या द्रावणांवर करंट मोजून रेष काढणं) ५० मायक्रोमोलरच्या वर नेऊ नका. वरच्या टोकाला सरळ रेष तशीही मिळत नाही: एन्झाइम संपृक्त होतं, शिवाय २५ अंशांना पाण्यात ऑक्सिजनच जेमतेम पाव मिलिमोलर असतो.

फिल्म नव्याने करताना पुढची कृती वापरून पाहा. बफर ०.१ मोलर फॉस्फेट, पीएच ६.५: एका लिटरला सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट १०.७ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ४.५ ग्रॅम, शेवटी मीटरवर पीएच तपासा. इलेक्ट्रोड १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनच्या ॲल्युमिनावर या क्रमाने घासा आणि प्रत्येक वेळी धुवा. अर्धा ग्रॅम कायटोसन ५० मिलिलिटर १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळा, गाळा, आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ५.५ वर आणा. सहाच्या पुढे गेलात की ते फुटायला लागतं. टायरोसिनेझ ५ मिलिग्रॅमला १ मिलिलिटर या प्रमाणात विरघळवा, पण ०.१ मोलर नव्हे, ०.०१ मोलर बफरात, कारण दाट फॉस्फेट मिसळलं की कायटोसनच्या गाठी होतात. दोन्ही ५०-५० मायक्रोलिटर हलक्या हाताने मिसळून ३ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर ६ मायक्रोलिटर सोडा आणि फ्रिजमध्ये ४ अंशांवर रात्रभर वाळवा.

वाळल्यावर ०.५ टक्का ग्लुटाराल्डिहाइडचे २ मायक्रोलिटर, दहा मिनिटं. मग बफराने धुऊन ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये दहा मिनिटं, म्हणजे उरलेले अल्डिहाइड गट बंद होतात. इथे हात आखडताच ठेवावा. ग्लुटाराल्डिहाइड वाढवलं की गळती थांबते खरी, पण एन्झाइमही जखडून मरतं. थर जाड केला तर सरळ रेषेचा पल्ला वाढतो आणि प्रतिसाद मंदावतो. पातळ थर चटकन उत्तर देतो. प्रकल्पासाठी पातळच बरा.

मोजताना १० मिलिलिटर बफर एकाच वेगाने ढवळत ठेवा, करंट स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या, आणि मग १० मिलिमोलर कॅटेकॉलचे १० मायक्रोलिटर घाला. पात्रात १० मायक्रोमोलर होतात. साध्या फिनॉलला करंटची पायरी हळू चढते, ते बिघाडाचं लक्षण नाही. एन्झाइमला सुरुवातीला थोडं डायफिनॉल लागतं, ते तयार होईपर्यंत वेळ जातो. आणि कोणी प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड सुचवला तर नको म्हणा: त्यावर ऑक्सिजन स्वतःच क्षपित होऊन पार्श्वभूमीचा करंट वाढवतो. कार्बनवर या व्होल्टेजला तो त्रास कमी.

प्रश्न: आम्ही बोंडूचा (काजूच्या फळाचा) रस बाटलीत भरतो. तुरटपणा मोजावा म्हणून टायरोसिनेझचा सेन्सर वापरून पाहिला. प्रयोगशाळेतल्या फोलिन पद्धतीने आलेल्या आकड्याच्या तुलनेत सेन्सरचा आकडा फारच लहान. कोणता खरा? (रस-सिरपचे उत्पादक, फोंडा)

उत्तर: दोन्ही खरे आहेत, पण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. फोलिन-सिओकाल्टो द्रावण जे जे क्षपण करू शकतं ते सगळं मोजतं, त्यात क जीवनसत्त्वही आलं. आणि बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतं. तुमची फिल्म फक्त टायरोसिनेझच्या खाचेत बसणारे लहान फिनॉल पाहते. तुरटपणा आणणारे टॅनिन मोठे रेणू आहेत, ते त्या खाचेत शिरत नाहीत. गॅलिक आम्लही टायरोसिनेझला फारसं जमत नाही, लॅकेझ या दुसऱ्या एन्झाइमला जमतं.

वर क जीवनसत्त्वाचा दुहेरी खोटेपणा आहे. फोलिनमध्ये ते आकडा फुगवतं. सेन्सरमध्ये ते नुकतंच झालेलं क्विनोन इलेक्ट्रोडपर्यंत पोचण्याआधीच परत कॅटेकॉल करून टाकतं, म्हणून करंट पडतो. रस टिकवायला मेटाबायसल्फाइट घालत असाल तर तेही क्विनोनला पकडतं आणि एन्झाइमलाही दाबतं. त्यामुळे नमुना सल्फाइट घालण्यापूर्वीच काढून ठेवा.

मोजायचंच असेल तर असं करा. रस गाळून, जमल्यास सेंट्रिफ्यूज करून स्वच्छ करा. १० मिलिलिटर बफरात फक्त २० मायक्रोलिटर घाला, म्हणजे ५०० पट पातळ. पीएच ६.५ च्या जवळच राहिला का ते पाहा. मग प्रमाणित द्रावणाची भर घालण्याची पद्धत वापरा, कारण शुद्ध बफरातलं कॅलिब्रेशन रसाला लागू पडत नाही. समजा रसाला ४० नॅनोअँपिअर आले, ५ मायक्रोमोलर कॅटेकॉलची भर घातल्यावर ६५, आणखी ५ घातल्यावर ९०. म्हणजे एका मायक्रोमोलरला ५ नॅनोअँपिअर, पात्रात ८ मायक्रोमोलर, आणि मूळ रसात ४ मिलिमोलर, म्हणजे लिटरला साधारण ४४० मिलिग्रॅम ‘कॅटेकॉल-समतुल्य’ फिनॉल. अहवालात ‘समतुल्य’ हा शब्द गाळू नका. भर घातल्यावरचे बिंदू सरळ रेषेत येत नसतील तर रस आणखी पातळ करा. क जीवनसत्त्वाचा अडथळा तरीही राहिला तर ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेझ घालून काही मिनिटं थांबणं हा उपाय आहे. महाग आहे, पण नेमका आहे.

आता तुमच्या खऱ्या गरजेविषयी. साबुदाण्याच्या किंवा तांदळाच्या पेजेने रस निवळला की मोठे टॅनिन खाली बसतात. तोंडाला फरक लगेच कळेल, टायरोसिनेझच्या फिल्मला कदाचित कळणारही नाही. निवळणं पुरेसं झालं का हे ठरवायला गाळलेल्या रसात जिलेटिनच्या पातळ द्रावणाचे थेंब सोडून गढूळपणा येतो का ते पाहणं जास्त उपयोगी. सेन्सर ठेवा तो रस साठवणीत तपकिरी का पडतो हे शोधायला. तिथे लहान फिनॉलच जबाबदार असतात.

प्रश्न: काजूच्या टरफलाच्या तेलातलं फिनॉल याच फिल्मने मोजता येईल का? (सांगे)

उत्तर: नाही. तेलात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डॉल आणि कार्डॅनॉल असतात. ते फिनॉलच आहेत, पण पंधरा कार्बनची शेपटी असल्याने पाण्यात विरघळत नाहीत. त्यातून ॲनाकार्डिक आम्ल टायरोसिनेझला रोखतं, तेव्हा तेलाचा अंश असलेल्या सांडपाण्यातही आकडा खऱ्यापेक्षा कमी येईल. अशा नमुन्यात ज्ञात कॅटेकॉल घालून पाहा. ते पूर्ण परत मिळत नसेल तर त्या नमुन्यावर या फिल्मचा भरवसा धरू नका. तेल हातावर सांडू देऊ नका, कातडी भाजते.

प्रश्न: विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांकडून यंत्राशिवाय चालणारी पट्टी करून घ्यायची आहे. शुद्ध टायरोसिनेझ शाळेला परवडत नाही. (उच्च माध्यमिक शिक्षक, वाळपई)

उत्तर: बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या बटण अळंब्यांत हेच एन्झाइम भरपूर असतं. विकतचं टायरोसिनेझही बहुधा त्यांतूनच काढलेलं असतं. नुसती वाटून गाळली तर अर्क तासाभरात काळवंडतो, कारण अळंब्यांत स्वतःचे फिनॉलही असतात. ते काढायला थंड ॲसिटोन हवा. हा भाग शिक्षकांनी करावा, मुलांनी नव्हे.

५० ग्रॅम ताज्या अळंब्या चिरून खलात घ्या. मिक्सर वापरू नका, ॲसिटोनच्या वाफेला मोटरची ठिणगी पुरते. याच कारणाने ॲसिटोन घरच्या फ्रिजमध्येही ठेवू नका, बर्फ-मिठाच्या भांड्यात थंड करा. १०० मिलिलिटर थंड ॲसिटोन घालून कुटा, मलमलच्या फडक्यातून पिळा, आणखी ५० मिलिलिटरने एकदा धुवा. चोथा मोकळ्या हवेत सावलीत पसरून वास जाईपर्यंत वाळवा. ही कोरडी भुकटी बंद बाटलीत फ्रिजमध्ये टिकते. लागेल तेव्हा १ ग्रॅम भुकटी २० मिलिलिटर थंड बफरात अर्धा तास भिजवून गाळा आणि त्याच दिवशी वापरा.

पट्टीसाठी व्हॉटमन नंबर १ कागदाचे सेंटीमीटरभर चौकोन कापा. प्रत्येकावर ०.५ टक्का कायटोसनचे १० मायक्रोलिटर, वाळवा. मग अर्काचे १० मायक्रोलिटर, पंख्याखाली सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको. वर नमुन्याचा २० मायक्रोलिटरचा थेंब टाकला की पाच-दहा मिनिटांत तपकिरी रंग चढतो. कायटोसन क्विनोनला धरून ठेवतं म्हणून डाग पसरत नाही. इलेक्ट्रोडवर जो दोष होता तोच इथे कामाला येतो.

नमुने म्हणून बिनदुधाचा पातळ चहा, केळीच्या सालीचं पाणी आणि ओली सुपारी भिजवलेलं पाणी घ्या. मुलांच्या हाती शुद्ध फिनॉल अजिबात देऊ नका. प्रत्येक नमुन्याबरोबर दोन तुलनेच्या पट्ट्या लागतात: एकीवर दहा मिनिटं उकळलेला अर्क, दुसरीवर चालू अर्क पण नमुन्यात लिंबाचे दोन थेंब. चहा स्वतःच तपकिरी असल्यामुळे उकळलेल्या पट्टीशिवाय काहीच सिद्ध होत नाही. लिंबाने रंग अडतो तो आम्लामुळे आणि क जीवनसत्त्वामुळे. त्यातलं किती कशामुळे हे वेगळं काढणं हाच मुलांसाठी उत्तम प्रयोग आहे. मोबाइलने फोटो काढून आकडे काढायचे असतील तर एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून काढा आणि निळ्या रंगाची किंमत वाचा. तपकिरी रंग निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषतो, म्हणून फरक तिथेच ठळक दिसतो.

प्रश्न: घरच्या विहिरीचं पिण्याचं पाणी या सेन्सरने तपासावं का? (डिचोली)

उत्तर: नको. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉल लिटरला ०.००१ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.००२ पर्यंत. पहिला आकडा मायक्रोमोलरमध्ये जेमतेम ०.०११ होतो. वर सांगितलेली फिल्म मायक्रोमोलरच्या आसपास विश्वासाने वाचते. म्हणजे सेन्सरने ‘काही नाही’ म्हटलं तरी पाणी मर्यादेच्या बरंच वर असू शकतं. मर्यादा इतकी कडक असण्याचं एक कारण असं की क्लोरीन टाकल्यावर फिनॉलचे क्लोरोफिनॉल होतात आणि अत्यल्प प्रमाणातही पाण्याला वास-चव येते. नमुना ऊर्ध्वपातनानंतर ४-अमिनोअँटिपायरिन पद्धतीने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासून घ्या.

प्रश्न: जुवारीच्या खाडीचं पाणी तपासायचं आहे. टायरोसिनेझ घ्यावं की लॅकेझ? पीएचडीच्या एका लेखात लॅकेझ जास्त टिकाऊ असल्याचं वाचलं. (संशोधक विद्यार्थी, ताळगाव)

उत्तर: टिकाऊ आहे हे बरोबर, पण खारं पाणी त्याला मानवत नाही. लॅकेझमधल्या तांब्याच्या चार अणूंपैकी तीन अणूंचा एक गट ऑक्सिजनला पाणी करतो. क्लोराइड त्या कामात अडथळा आणतं, आणि समुद्राच्या पाण्यात क्लोराइड अर्ध्या मोलरहून अधिक असतं. शिवाय कवकातलं लॅकेझ पीएच ४ ते ५ ला खुलतं. खाडीचं पाणी आठच्या आसपास. टायरोसिनेझलाही क्लोराइड थोडं दाबतं, विशेषतः आम्लधर्मी द्रावणात, पण ६.५-७ ला निभावतं. म्हणून टायरोसिनेझ घ्या. कोकमाच्या आगळावर काम करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, कारण आगळात मीठ असतं.

दुसरी अडचण इलेक्ट्रोडची. छापील कार्बन इलेक्ट्रोडवर सिल्व्हर क्लोराइडचा उघडा पट्टा संदर्भ म्हणून असतो आणि त्याचं व्होल्टेज नमुन्यातल्या क्लोराइडवर ठरतं: क्लोराइड दहा पट बदललं की ५९ मिलिव्होल्टचा फरक. मे महिन्यात खाडी खारट असते, जुलैत पावसाने वरच्या भागात जवळजवळ गोडी होते. एकाच फिल्मने दोन्ही वेळा मोजून आकडे शेजारी मांडले तर त्यातला काही फरक नुसत्या मिठाचा असेल. यावर उपाय म्हणजे बंद नळीतला संदर्भ इलेक्ट्रोड वापरणं, किंवा प्रत्येक नमुन्याची विद्युत्वाहकता मोजून कॅलिब्रेशनच्या बफरात तेवढंच मीठ घालणं.

नमुना गडद काचेच्या बाटलीत घ्या, बर्फात ठेवा, त्याच दिवशी मोजा. प्रमाणित पद्धतीत नमुना सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन टिकवतात. तसा टिकवलेला नमुना फिल्मवर जसाच्या तसा घातला तर एन्झाइम गेलंच, आधी उदासीन करा. सांडपाण्याच्या तोंडाशी मात्र ही फिल्म खरोखर उपयोगी आहे: नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १०.६ मायक्रोमोलर, आणि ती बरोबर फिल्मच्या पल्ल्यात येते.

आकड्याचा अर्थ लावताना घाई नको. खारफुटीची पानं कुजताना पॉलिफिनॉल सोडतात, त्यामुळे खाडीत फिनॉल दिसलं म्हणजे कारखानाच दोषी असं ठरत नाही. उलट बाजूही आहे. ऑर्थो-क्रेसॉलसारखे, शेजारची जागा अडलेले फिनॉल टायरोसिनेझ जवळजवळ पाहतच नाही. पॅरा-क्रेसॉल चांगलं पाहतं. ४-अमिनोअँटिपायरिनचं नेमकं उलट, पॅरा-क्रेसॉल त्यातून निसटतं. प्रबंधात दोन्ही आकडे द्या आणि ते जुळत नसतील तर जुळवू नका.

प्रश्न: पावसाळ्यात फिल्म सुटते, फुगते. कशी ठेवावी? (मडगाव)

उत्तर: कायटोसन हवेतलं पाणी ओढतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा जवळपास सतत ओलीच. फिल्म वाळवताना डेसिकेटरमध्ये ताजं तापवलेलं सिलिका जेल ठेवा. जेलचा रंग उतरला की पुन्हा तापवा. साठवताना छोट्या झिप पिशवीत जेलची पुडी घालून ४ अंशांवर ठेवा. नुकसान बहुधा बाहेर काढताना होतं: थंड पिशवी लगेच उघडली की फिल्मवर दव धरतं आणि तिची कड सुटते. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. तरीही कड सुटत असेल तर घासलेला इलेक्ट्रोड पुरता न वाळवता थेंब टाकला होता का, किंवा थेंब चकतीबाहेर प्लास्टिकवर ओघळला होता का, ते पाहा.

वापरायच्या दिवशी फिल्म आधी वीस मिनिटं बफरात भिजवा, मग १० मायक्रोमोलर कॅटेकॉलने तपासा. आलेला करंट पहिल्या दिवसाच्या ८० टक्क्यांखाली गेला की आम्ही ती फिल्म मोजणीतून काढायला सांगतो. एसी चालू-बंद होणाऱ्या खोलीत तापमानाची नोंदही प्रत्येक वाचनाशेजारी करा. एन्झाइमचा वेग तापमानाबरोबर बदलतो, आणि सकाळी २५ अंशांना काढलेलं कॅलिब्रेशन दुपारी ३१ अंशांच्या नमुन्याला लावता येत नाही.